घोडा, आरव्ही आणि घरची मंडळी: बे एरियाजवळ कॅम्पची जागा कशी शोधावी

फेब्रुवारी लागला की बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "जुलैमध्ये आई-बाबा येतायत. आरव्ही भाड्याने घेऊन जवळच दोन रात्री कुठे जाता येईल?" (आरव्ही म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी.) हल्ली या प्रश्नाला एक पुरवणीही असते. कुणाची मुलगी घोडेस्वारी शिकून आता घोडा सांभाळायला लागली आहे, कुणाचा शेजारी दर शनिवार-रविवार घोड्याचा ट्रेलर घेऊन निघतो आणि "तुम्हीही चला" म्हणतो. म्हणजे घोडा न्यायचा आहे, आरव्ही न्यायची आहे आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना पाच मिनिटांच्या अंतरावर स्वच्छतागृहही हवं आहे. उत्तरादाखल लोक योसेमिटी आणि टाहोची नावं सांगतात. दोन्ही सुंदर आहेत, पण शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाठण्यासारखी नाहीत. आणि तेवढं लांब जायची गरजही नाही. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड किंवा सॅन होजेहून तासा-दीड तासावर हे सगळं जमतं, फक्त शोधायची पद्धत बदलावी लागते.

माझं सांगणं एवढंच आहे की शोध घोड्यापासून सुरू करा. तंबू जवळपास कुठेही लागतो. आरव्हीलाही बऱ्याच ठिकाणी जागा मिळते. घोडा रात्री ठेवू देणारी सार्वजनिक ठिकाणं मात्र या सगळ्या परिसरात मोजकीच आहेत. लोक आधी समुद्र बघतात, मग झाडी, मग शॉवर, जागा पक्की करतात आणि शेवटी विचारतात, "इथे घोडा चालेल ना?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी घोडा, मग गाडीची लांबी आणि शेवटी माणसं. माणसं सगळ्यात महत्त्वाची खरी, पण जुळवून घेणंही त्यांनाच जमतं.

याच्या जोडीला आणखी एक सवय लावून घ्या. घोडा, आरव्ही आणि तंबू तिन्ही एकाच साइटवर, म्हणजे कॅम्पमधल्या आखून दिलेल्या एकाच जागेवर, बसवायचा हट्ट धरू नका. घोड्यांचा एक कॅम्प आणि त्याच्या जवळच कुटुंबांचा दुसरा कॅम्प, अशी जोडी शोधा. दिवसभर सगळे एकत्र, रात्री झोपायला आपापल्या ठिकाणी. घोड्यांनाही रात्री शांतता लागतेच.

## आधी बघा, जमीन कोणाची

नकाशावर सगळा हिरवा रंग सारखाच दिसतो, पण त्याचे मालक वेगवेगळे आहेत. प्रत्येकाचं बुकिंग वेगळं, नियम वेगळे. ही गोष्ट सुरुवातीला कळली की निम्मा गोंधळ संपतो.

कॅलिफोर्निया राज्याची उद्यानं 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया' या संकेतस्थळावर बुक होतात. केंद्र सरकारची ठिकाणं, उदाहरणार्थ पॉइंट रेज, 'रिक्रिएशन डॉट गव्ह'वर. सॅन मटेओ आणि सँटा क्लारा या काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, उद्यानं त्या त्या काउंटीच्या उद्यान खात्याकडे. अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांतली बरीचशी डोंगर-जंगलं 1934 मध्ये स्थापन झालेल्या 'ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट'कडे आहेत. शिवाय खाजगी आरव्ही पार्क आहेतच. तिथे वीज-पाणी सहज मिळतं, घोडा मात्र क्वचितच चालतो.

एकाचा नियम दुसऱ्याला लागू होईल असं गृहीत धरू नका. पॉइंट रेज आणि सॅम्युएल पी. टेलर स्टेट पार्क ही दोन्ही मरीन काउंटीत, एकमेकांच्या अगदी शेजारी आहेत. टेलरमध्ये गाडी साइटपर्यंत जाते. पॉइंट रेजमध्ये गाडीने पोहोचता येईल असा एकही कॅम्प नाही. तिथे पाठीवर सामान घेऊन चालत, घोड्यावरून किंवा होडीने जायचं. "पॉइंट रेजला आरव्ही लावू" असा बेत आखणाऱ्यांनी हे घरूनच लक्षात ठेवावं. कुत्र्यांचंही तसंच. एका काउंटीत दोरीला बांधून चालतात, दुसरीकडे कॅम्पमध्ये आणायलाच मनाई असते.

## घोड्यासाठी काय तपासायचं

उद्यानाच्या पानावर घोड्याचं चित्र दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. त्या चित्राचा अर्थ बहुतेक वेळा 'ट्रेलवर (जंगलातल्या पायवाटेवर) घोडा चालतो' एवढाच असतो. सकाळी यायचं, फिरायचं, संध्याकाळी परत जायचं. मुक्कामाची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून पानावर 'हॉर्स कॅम्प' किंवा 'इक्वेस्ट्रियन कॅम्पिंग' हे शब्द शोधा, आणि ते सापडले तरी रेंजर ऑफिसला फोन करून पुढच्या गोष्टी विचाराच.

पहिली, रात्री घोडा कुठे राहणार? काही ठिकाणी लोखंडी पाइपांचे कोंडवाडे असतात, काही ठिकाणी नुसते बांधायचे खांब, तर काही ठिकाणी तुम्हालाच दावण लावावी लागते. झाडांना काही बांधायला परवानगी आहे का, हेही इथेच विचारा. बऱ्याच उद्यानांत ती नसते. असेल तिथे दावण लावायची रीत ठरलेली आहे. दोन मजबूत झाडं निवडायची, बुंध्याला आधी रुंद पट्टा गुंडाळायचा, म्हणजे साल कापली जात नाही. मग त्या पट्ट्यांमध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर, साधारण सात फुटांवर, दोर ताणून बांधायचा. घोड्याची दोरी या आडव्या दोराच्या मधल्या भागात येते, झाडाजवळ नाही. तिची लांबी एवढीच ठेवायची की नाक जमिनीवरच्या गवतापर्यंत पोहोचेल, पण पाय अडकेल इतकी ढील राहणार नाही. घोडा थेट बुंध्याला बांधला तर तो रात्रभर खुराने माती उकरतो, मुळं उघडी पाडतो आणि साल कुरतडतो. एका रात्रीत झाडाची वाट लागते. रेडवुडच्या मुळ्या तर वरवरच पसरलेल्या असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. मध्यम आकाराचा घोडा दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात आणि चढावर त्याहून जास्त. आरव्हीच्या टाकीत साधारण दीडशे लिटर पाणी मावतं. दोन घोडे आणि घरची मंडळी त्याच टाकीवर अवलंबून राहिली तर दुसऱ्या दिवशीच नळ कोरडा पडेल. कॅम्पमध्ये हौद आहे का, तो या महिन्यात चालू आहे का, हे विचारा. "हौद आहे" आणि "हौदात पाणी आहे" यांत कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सप्टेंबरात बराच फरक पडतो. काही घोडे अनोळखी पाण्याला तोंडच लावत नाहीत, म्हणून घरचं पाणी एक-दोन कॅनमधून सोबत घ्यावं.

तिसरी गोष्ट, ट्रेलर वळवायला जागा. ओढणारा ट्रक आणि ट्रेलर मिळून सहज 40 फुटांच्या पुढे जातात. आत शिरायला रस्ता आहे, पण फिरवायला गोल नाही, अशा ठिकाणी अंधारात ट्रेलर मागे घेण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आणि चौथी, गवत. चराईला बहुतेक उद्यानांत बंदी असते, त्यामुळे वैरण आणि चंदी सगळी घरून. तणाचं बी नसलेलं प्रमाणित गवत घ्या. बऱ्याच सार्वजनिक जमिनींवर ते सक्तीचं असतं, आणि जिथे नसतं तिथेही स्थानिक रोपांच्या भल्यासाठी तेच योग्य. नवीन गवत प्रवासाच्या दिवशी अचानक सुरू करू नका, आठवडाभर आधीपासून थोडं थोडं मिसळत जा. खाणं एकदम बदललं की घोड्याच्या पोटात कळा येऊ शकतात, आणि जंगलात पशुवैद्य लगेच मिळत नाही. नेव्हाडा किंवा ओरेगॉनहून घोडा घेऊन येणाऱ्या मित्राला आरोग्य दाखला आणि कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीच्या रक्तचाचणीचा) कागद सोबत ठेवायला सांगा. राज्याची हद्द ओलांडताना तो लागतो.

## आरव्हीची लांबी, वीज आणि रस्ता

कॅलिफोर्नियात नेहमीच्या क्लास सी परवान्यावर 40 फुटांपर्यंतची आरव्ही चालवता येते, त्यामुळे परवान्याची अडचण नसते. अडचण येते ती साइटच्या लांबीची. शहराजवळची उद्यानं जुनी आहेत, त्या काळच्या गाड्या लहान होत्या. बुकिंगच्या पानावर प्रत्येक साइटची कमाल लांबी दिलेली असते, कधी कधी आरव्ही आणि ट्रेलर यांची वेगवेगळी. भाड्याने देणारे "25 फुटी" म्हणतात तेव्हा मागची शिडी आणि सायकलचा स्टँड त्यात धरलेला नसतो. नेमकी लांबी आणि उंची विचारून घ्या आणि उंचीची चिठ्ठी चालकासमोर चिकटवून ठेवा. या भागासाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी 25 फुटांच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. जास्त माणसं असतील तर मोठी आरव्ही घेण्यापेक्षा सोबत एक साधी गाडी आणि एक तंबू न्यावा. आत जेवढे सीटबेल्ट, तेवढीच माणसं बसवायची. आरव्ही चालू असताना मागच्या पलंगावर आजीला आडवं होऊ देणं धोक्याचं आहे, कितीही दमल्या असल्या तरी. ट्रेलर ओढत असाल तर कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ताशी 55 मैल, मग रस्त्यावरचा फलक काहीही सांगो.

वीज हा दुसरा प्रश्न. राज्य उद्यानांतल्या बऱ्याच कॅम्पमध्ये हुकअप नसतो, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी साइटवर मिळत नाही. जनरेटर सकाळी 10 ते रात्री 8 एवढ्याच वेळेत चालवता येतो, आणि रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ असते. बाबा झोपताना श्वासाचं मशीन लावत असतील तर हे आधीच बघा, कारण रात्रभर ते कशावर चालणार? एक तर हुकअप असलेली साइट घ्या, नाही तर वेगळी चार्ज केलेली बॅटरी न्या. गॅसवरच्या हीटरचा पंखासुद्धा आरव्हीच्या बॅटरीवरच फिरतो. दिवसभर दिवे आणि फोन त्याच बॅटरीवर चालवले तर पहाटे थंडीत हीटर बंद पडतो.

## बे एरियातल्या जोड्या

या जोड्यांमध्ये माझी पहिली पसंती सॅम्युएल पी. टेलर स्टेट पार्कला. सॅन राफेलपासून पश्चिमेला 15 मैलांवर, सर फ्रान्सिस ड्रेक बुलेवार्डला लागून. सोन्याच्या शोधात आलेल्या टेलर यांनी 1850 च्या दशकात इथल्या ओढ्यावर कागदाची गिरणी काढली. पुढे जवळून रेल्वे गेली, त्यांनी हॉटेल बांधलं, तंबू उभारले आणि सॅन फ्रान्सिस्कोची कुटुंबं शनिवार-रविवार इथे येऊन राहायला लागली. निव्वळ मजेसाठी तंबूत राहण्याची सोय करणाऱ्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या जागांमध्ये हिची गणना होते.

इथे जोडी अशी आहे. मुख्य कॅम्प ओढ्याकाठी, रेडवुडच्या सावलीत. पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं, टेबल, चूल सगळं आहे, हुकअप नाही. तिथून साधारण मैलभर पुढे, रस्त्याच्या पलीकडे डेव्हिल्स गल्च नावाच्या घळीत घोड्यांचा कॅम्प आहे. तो एकाच गटाला दिला जातो, 20 माणसं आणि 12 घोडे एवढी त्याची क्षमता. म्हणजे एकदा आपल्या नावावर झाला की तिथे दुसरं कुणी नाही. दोन-तीन घोडेवाली कुटुंबं मिळून तो घ्यावा आणि बाकीच्यांनी मुख्य कॅम्पमध्ये साइट घ्याव्यात.

घोडेस्वारांना तिथून बार्नाबी शिखरावर चढता येतं. 1,466 फूट उंचीच्या या शिखराला टेलर कुटुंबाच्या खेचराचं नाव दिलेलं आहे. माथ्यावरून टोमालेस बे आणि पॉइंट रेजच्या टेकड्या दिसतात. आजी-आजोबांसाठी खाली क्रॉस मरीन ट्रेल आहे. ही वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते, त्यामुळे चढ जवळजवळ नाही. काठी टेकत, मुलांच्या सायकली पुढे सोडून, ओढ्याच्या आवाजात निवांत चालता येतं. एकाच उद्यानात सत्तरीच्या माणसाला सपाट वाट आणि स्वाराला डोंगर मिळणं दुर्मिळ आहे, म्हणून ही जागा मला सगळ्यात प्रिय आहे.

रस्त्याबद्दल मात्र सावध राहा. फेअरफॅक्सच्या पुढे मोठा चढ-उतार आहे, आणि उद्यानात शिरल्यावर रेडवुडचे बुंधे डांबराला अगदी खेटून उभे आहेत. रुंद गाडीचा उजवा आरसा सांभाळावा लागतो. समोरून काही आलं तर वेग कमी करा आणि मागे रांग लागली तरी घाई करू नका. सॅन फ्रान्सिस्कोकडून गोल्डन गेट पुलावरून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की परतताना शहराच्या दिशेने टोल लागतो, तो फक्त इलेक्ट्रॉनिक आहे आणि जास्त आसांच्या गाडीला जास्त पडतो. भाड्याच्या आरव्हीचा टोल कसा वसूल होणार, हे चावी घेतानाच विचारून घ्या.

दुसरी जोडी ला होंडाच्या डोंगरात, सॅन मटेओ काउंटीत. सॅम मॅक्डॉनल्ड पार्कमध्ये जॅक ब्रुक हॉर्स कॅम्प आहे. तो घोडेवाल्यांसाठीच राखलेला आहे आणि कोरड्या मोसमातच उघडा असतो. तिथून ट्रेलने पेस्काडेरो क्रीकच्या जंगलात शिरता येतं. कुटुंबांसाठी काही मैलांवर मेमोरियल पार्क, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1924 मध्ये केलेलं. सॅम मॅक्डॉनल्ड हे स्टॅनफर्ड विद्यापीठाची मैदानं सांभाळणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. मुलांना निसर्गात खेळता यावं या इच्छेने त्यांनी आपली इथली जमीन विद्यापीठाच्या हवाली केली, आणि पुढे ती काउंटीचं उद्यान झाली. मोठी गाडी घेऊन इथे येताना वुडसाइडवरून स्कायलाइन ओलांडणारा 84 नंबरचा रस्ता टाळा, फार वळणांचा आहे. 92 वरून हाफ मून बेला उतरा, हायवे 1 ने दक्षिणेला जा आणि सॅन ग्रेगोरिओ किंवा पेस्काडेरोकडून आत वळा. वेळ थोडा जास्त लागतो, पण आरव्हीतली भांडी जागेवर राहतात.

सॅन होजेवाल्यांना जवळचं म्हणजे जोसेफ डी. ग्रँट काउंटी पार्क. ओकची झाडं, गवताळ टेकड्या, कुटुंबांचा कॅम्प आणि घोड्यांसाठी वेगळी जागा. वर लिक वेधशाळा आहे. तिकडे जाणारा माउंट हॅमिल्टन रस्ता 1876 मध्ये तयार झाला तो जनावरांनी ओढलेल्या गाड्यांतून सामान वर नेता यावं म्हणून, त्यामुळे त्याचा चढ सौम्य ठेवलेला आहे आणि वळणं असंख्य. आजही ट्रेलर ओढणाऱ्याला याच सौम्यपणाचा फायदा होतो. फोनवरचा नकाशा कधी कधी क्विम्बी रोडने पाठवतो, कारण ते अंतर कमी आहे. तो रस्ता उभ्या चढाचा आणि अरुंद आहे. त्याने आरव्ही किंवा ट्रेलर नेऊ नका, अलम रॉककडून माउंट हॅमिल्टन रस्त्यानेच जा. इथे मार्च ते मे हा काळ उत्तम, टेकड्या हिरव्या असतात आणि फुलं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन इतकं तापतं की घोडाही थकतो आणि आजोबाही.

मॉर्गन हिलच्या पूर्वेला असलेल्या 'हेन्री को' स्टेट पार्कचं नाव घोडेवाले लोक फार आदराने घेतात. सुमारे 87,000 एकर, राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं उद्यान. पण चढ तीव्र, पाणी कमी आणि वर जाणारा रस्ता अरुंद. पट्टीच्या स्वारांसाठी उत्तम, आई-बाबांना घेऊन पहिल्या सहलीला नको. माउंट डायब्लोवरही घोड्यांचा गट-कॅम्प आहे, पण तिथला घाट आणि लांबीची मर्यादा मोठ्या आरव्हीला मानवत नाही.

घोडा नसेल आणि फक्त आरव्ही असेल, तर पर्याय बरेच आहेत. हाफ मून बे स्टेट बीचचा फ्रान्सिस बीच कॅम्प अगदी समुद्रासमोर आहे आणि काही साइटवर वीज मिळते. माउंट मॅडोनामध्ये रेडवुड आहेत आणि काही साइटवर वीज-पाणी आहे. कॅस्ट्रो व्हॅलीजवळचा अँथनी शाबो ओकलंडपासून सगळ्यात जवळ, तिथेही काही साइटवर पूर्ण जोडणी आहे.

## बुकिंगची सकाळ

राज्य उद्यानांचं बुकिंग सहा महिने आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. 17 जुलैला पोहोचायचं असेल तर 17 जानेवारीला सकाळी संगणकासमोर बसायचं. म्हणजे आई-बाबांचं तिकीट काढायच्या आधीच हे करावं लागतं. व्हिसाचं आणि तिकिटाचं नंतर बघू म्हटलं, तर जूनमध्ये फक्त आठवड्याच्या मधल्या रात्री उरतात.

आदल्या रात्री खातं उघडून ठेवा, कार्डाची माहिती भरून ठेवा. नकाशा बघून तीन साइट क्रमाने लिहून काढा: स्वच्छतागृहापासून फार लांब नाही पण अगदी दारातही नाही, जमीन सपाट आणि तुमच्या लांबीची. सकाळी पावणेआठला लॉगिन करून ठेवा. एक युक्ती सांगते. बुकिंग पोहोचण्याच्या तारखेवर उघडतं, त्यामुळे गुरुवारपासून तीन रात्री घेणाऱ्याला शुक्रवार-शनिवारही एक दिवस आधीच हाताला लागतात. ऑफिसातून शुक्रवारची रजा मिळत असेल तर गुरुवारीच निघा.

घोड्यांचा कॅम्प आधी घ्या, तो मिळाला तरच त्याच तारखांना कुटुंबांच्या साइट घ्या. कारण कुटुंबांच्या साइट अनेक असतात आणि घोड्यांची जागा बहुतेक वेळा एकच. राज्य उद्यानात एका साइटवर जास्तीत जास्त आठ माणसं राहू शकतात, मुलं धरून. मंडळातली चार कुटुंबं जमणार असतील तर दोन-तीन साइट लागून घ्याव्या लागतील. काहीच मिळालं नाही तर निराश होऊ नका. जायच्या आधीच्या दोन आठवड्यांत बरेच लोक रद्द करतात, रोज सकाळी आणि रात्री एकदा बघत राहा. काउंटीच्या उद्यानांचे दिवस आणि वेळा वेगळ्या आहेत, त्या त्यांच्या पानावरून वहीत लिहून ठेवा.

## जायच्या आठवड्यात

ऑगस्ट 2020 मध्ये विजा कोसळून सांताक्रूझच्या डोंगरात लागलेल्या आगीने बिग बेसिन हे 1902 पासूनचं राज्य उद्यान जवळजवळ सगळं जाळलं. त्याच सुमारास सॅन होजेच्या पूर्वेचे डोंगरही पेटले होते. तेव्हापासून आग, वादळ, पडलेली झाडं आणि दुरुस्ती यांमुळे कॅम्प अचानक बंद होणं नेहमीचं झालं आहे. म्हणून निघायच्या आठवड्यात दोनदा उद्यानाचं पान बघा आणि एकदा फोन करा. तीन प्रश्न विचारा: कॅम्प आणि रस्ता चालू आहे का, हौदात पाणी आहे का, चूल पेटवायला परवानगी आहे का. शेकोटीला बंदी असेल तर गॅसची शेगडी चालते का, हे वेगळं विचारा. पिठलं-भाताचा बेत त्यावर अवलंबून आहे.

लाकूड घरून नेऊ नका. लाकडातून किडे आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात. बे एरियातले ओक आधीच अशा एका रोगाने मरत आहेत. कॅम्पवर किंवा जवळच्या गावात मिळतं तेच घ्या.

कपड्यांबद्दल भारतातून आलेल्या पाहुण्यांची हमखास फसगत होते. जुलै म्हटलं की ते सुती साड्या आणि झब्बे भरतात. किनाऱ्यालगत जुलैतच धुकं असतं आणि संध्याकाळी कानटोपी लागते, तर त्याच दुपारी ग्रँट पार्कला अंग भाजतं. स्वेटर, पायमोजे आणि प्रत्येकाला एक जाड पांघरूण, हे उन्हाळ्यातही घ्याच.

## तिथे पोहोचल्यावर

उजेड असताना पोहोचा. आधी घोडा उतरवा, पाणी दाखवा, दावण किंवा कोंडवाडा तपासा. मग आरव्ही समतल करा आणि शेवटी तंबू ठोका.

आपल्याकडच्या मुलांची घोड्याशी पहिली ओळख बहुधा माथेरान किंवा महाबळेश्वरला झालेली असते, तिथे घोडेवाला लगाम धरून सोबत चालतो. इथे घोडा अनोळखी जागी, नव्या वासांमध्ये उभा असतो. मुलांना तीन गोष्टी आधीच शिकवा: मागून जायचं नाही, धावत जायचं नाही, विचारल्याशिवाय खायला द्यायचं नाही. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो घोडा लाथ मारतो, चार हात लांब राहायचं. ट्रेलवर समोरून स्वार आला तर वाट त्याची. थांबायचं, उताराच्या बाजूला सरकायचं आणि मोठ्याने, शांतपणे "हॅलो" म्हणायचं. आवाज ऐकला की घोड्याला कळतं की झुडपाआडची ही हालचाल माणसाची आहे. वरच्या बाजूला उभं राहू नका, उंचावरून दबा धरलेल्या शिकारी जनावरासारखं त्याला वाटतं. छत्री मिटून घ्या.

पॉइझन ओक ओळखायला शिका. तीन-तीन पानांचा गुच्छ, उन्हाळ्याच्या अखेरीस लालसर होणारा. घोड्याला सहसा त्याचा काही त्रास होत नाही, पण झुडपातून जाताना पानांचं तेल त्याच्या अंगाला आणि खोगिराला लागतं. मग घोड्याला खरारा करणाऱ्याच्या किंवा त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावर पुरळ उठतं. फेरीहून आल्यावर साबणाने हात-दंड धुणं सगळ्यांना सक्तीचं करा.

आता चिवड्याबद्दल. ला होंडाच्या रेडवुडमध्ये 'मार्बल्ड म्युरलेट' नावाचा समुद्रपक्षी जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर अंडं घालतो. त्याचं घरटं कुठे असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. 1974 मध्ये बिग बेसिनमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला ते सापडलं. आज तो पक्षी संकटात आहे. कॅम्पमध्ये सांडलेल्या खाण्यावर 'जे' नावाचे निळे पक्षी आणि कावळे जमतात, संख्येने वाढतात आणि म्युरलेटची अंडी-पिल्लं खातात. चिवड्याचा एक शेंगदाणा, पोह्यांचा एक घास टेबलाखाली राहिला तरी तो त्या साखळीचा भाग होतो. टेबलावर कापड अंथरून खा, खाणं झालं की कापड उचलून कचरापेटीत झटका, भांडी घासलेलं पाणी गाळून ओता. ही गोष्ट मुलांना सांगा. ती मनापासून पाळतात, मोठ्यांना टोकतातही.

निघायच्या सकाळी लीद गोळा करायची, कॅम्पने सांगितलेल्या जागी टाकायची किंवा पोत्यात भरून परत न्यायची. उरलेलं गवत झाडून उचलायचं, खुराने पडलेले खड्डे बुजवायचे. आरव्हीचं सांडपाणी डंप स्टेशनवरच सोडायचं. आपल्या कॅम्पवर ते आहे की नाही हे आधीच बघून ठेवा, नसेल तर परतीच्या वाटेवरचं शोधून ठेवा. हातमोजे घाला, नळी दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे हे बघा, आधी शौचालयाची टाकी रिकामी करा आणि मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. डंपजवळचा पाण्याचा नळ पिण्याचा नसतो, त्यातून घोड्याची बादली भरू नका.